अकरा सेकंदांची बाटली

मिस्त्रींचा एक हट्ट होता. आपल्या हातून गिऱ्हाइकाचं जे वाया जाईल, ते त्याला तिथल्या तिथं भरून द्यायचं. पाना निसटून दांडीवर ओरखडा उठला तर रंग लावून द्यायचा. एक स्पोक मोडला तर दोन नवे घालायचे. एकदा एका मास्तरांची सायकल कबूल केलेल्या दिवशी तयार झाली नाही, तर मिस्त्रींनी त्यांना तीन दिवस स्वतःच्या कॅरिअरवर बसवून शाळेत पोचवलं. मास्तर अंगानं भरलेले आणि शाळा चढावर. तिसऱ्या दिवशी मास्तरच हात जोडून म्हणाले की मी चालत जातो, पण हे थांबवा. अडतीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवून माणूस शहाणा होतो असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं मिस्त्रींना पाहिलेलं नाही. बायको तर सरळ म्हणायची, यांच्या दुकानावर पाटी लावा, 'अति तिथं माती'.

तर असा हा माणूस त्या रविवारी शर्यतीच्या गाडीत मागच्या सीटवर बसला होता, आणि पुढं रस्त्यावर त्याची एकुलती एक लेक सायकल हाणत होती.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापानंच पाडलेलं नाव. वय तिशीला दोन महिने कमी. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नोकरी. पहाटे उठून साठ किलोमीटर सायकल मारून यायची, कशीबशी आंघोळ करायची आणि आठच्या ठोक्याला कामावर. तिथं वाफाळत्या रोलरमधून येणाऱ्या चादरी दोघीदोघींनी टोकं धरून ओढायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डाप्रमाणे चळती लावायच्या, संध्याकाळी पाचपर्यंत. मनगटांवर भाजल्याचे डाग आणि गुडघ्यांवर पडल्याचे. आई म्हणायची, अगं एखादी तरी जागा बिनडागाची ठेव, कुणाला दाखवायची झाली तर. बारा वर्षं ती शर्यतींत उतरत होती. दुसरी चार वेळा आली होती, तिसरी कितीतरी वेळा, आणि पहिली एकदाही नाही.

त्या रविवारच्या शर्यतीला मात्र वेगळंच वजन होतं. एकशे बारा किलोमीटरची, फक्त बायकांची शर्यत. जी पहिली येईल तिला एका मोठ्या संघात वर्षभराची जागा. नोकरी सोडायची, नुसती सायकल चालवायची, आणि त्याचाच पगार. अट एकच होती, बाई तिशीच्या आतली हवी. म्हणजे भिंगरीसाठी हा शेवटचाच रविवार. घरात तिघांनाही हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिघांतलं कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. जेवताना भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावरच बोलणं चालायचं.

मिस्त्री गाडीत आले ते नशिबानं. संघ लहान, पाच मुली, एक गाडी आणि एक बाई. या बाई एकेकाळी स्वतः शर्यती मारलेल्या, आता गुडघ्यात स्टीलचा तुकडा घेऊन फिरणाऱ्या. मुलींना शिकवणं, गाडी चालवणं, केळी मोजून देणं, रडणारीला समजावणं, सगळं त्याच. चाकं बदलायला एक मेकॅनिक होता, तो नेमका शर्यतीच्या आठवड्यात कावीळ होऊन अंथरुणाला खिळला. बाईंनी मिस्त्रींना फोन केला. मिस्त्रींनी हो म्हणायला तेवढाच वेळ घेतला जेवढा श्वास घ्यायला लागतो. बारा वर्षं ते कडेला उभं राहून लेकीला डोळ्यांसमोरून सपकन निघून जाताना बघत आले होते. आता पूर्ण शर्यत तिच्या मागं राहायला मिळणार होतं.

तीन दिवस त्यांनी दुकानात दुसरं काम घेतलं नाही. एकच सायकल उभी करून चाक काढ, चाक घाल, चाक काढ, चाक घाल. बायकोला घड्याळ घेऊन समोर स्टुलावर बसवलं आणि स्वतः मोठ्यानं सेकंद मोजत राहिले. सुरुवातीला तीस लागायचे, मग बावीस, शेवटी चौदावर आले. बायको म्हणाली, "तुमची घाई बघून वाटतं, चाक नाही, दूध उतू जातंय." पण घड्याळ तिनं एकदाही खाली ठेवलं नाही.

शर्यत सुरू झाली आणि पहिले ऐंशी किलोमीटर मिस्त्रींना करायला काहीच नव्हतं. मांडीच्या एका बाजूला पुढचं चाक, दुसऱ्या बाजूला मागचं, पायाशी पाण्याच्या बाटल्यांचा खोका. रेडिओवर पंच मधूनमधून नंबर सांगत, कोण पुढं गेली, कोण मागं पडली. भिंगरीचा नंबर सतरा. पुढं चौदा जणींचा एक गट निसटला होता आणि सतरा नंबर त्यात होता. उरलेल्या सगळ्या दोन मिनिटं मागं. म्हणजे पहिली जी कोणी यायची ती या चौदांतलीच. बाईंच्या बाकीच्या चौघी मागच्या घोळक्यात राहिल्या होत्या, त्यामुळं गाडी आता एकट्या भिंगरीची होती.

"चांगली चाललीय," बाई म्हणाल्या. "उगीच पुढं येत नाही. शेवटच्या चढासाठी पाय राखून ठेवलेत तिनं."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांच्या हातांना घाम सुटला होता, तो ते विजारीला पुसत होते.

एकतीस किलोमीटर उरलेले असताना रेडिओ खरखरला. सतरा नंबर, मागचं चाक, पंक्चर.

बाईंनी गाडी अशी पळवली की बाटल्यांचा खोका सीटखाली गेला. भिंगरी रस्त्याच्या कडेला एक हात वर करून उभी होती. मागचं चाक तिनं आधीच काढून ठेवलं होतं. गाडी थांबायच्या आत मिस्त्रींनी दार उघडलं, चाक उचललं आणि धावत सुटले. साठी ओलांडलेला माणूस एवढा धावू शकतो हे त्यांच्या बायकोनं बघायला हवं होतं. लेकीपाशी पोचून ते खाली वाकले, आणि भिंगरी हळूच म्हणाली, "बाबा, मागचं."

त्यांच्या हातात पुढचं चाक होतं.

अडतीस वर्षं. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नुसत्या बोटांनी चाचपून कुठलं चाक कुठल्या सायकलचं ते सांगणारा माणूस. स्वयंपाकात मुरलेल्या बाईनं वरणात साखर घालावी तशातली गत. मिस्त्री उलटे गाडीकडं पळाले, मागचं चाक घेतलं, परत पळाले. बसवताना चेन एकदा घसरली. सवयीनं त्यांचं तोंड मोजतच होतं. भिंगरीला ढकलून दिलं तेव्हा आकडा तेहतीसवर होता. चौदा हवे होते, तेहतीस झाले. लेकीचे एकोणीस सेकंद त्यांनी खाल्ले होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी बाईंना विचारलं की पुढच्या थांबतील का. मुलींमध्ये असं काही असतं हे त्यांनी भिंगरीच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं. एखादीचं चाक गेलं आणि तिला मान असला, तर पुढच्या जरा दमानं घेतात, तिला येऊ देतात.

"एरवी थांबल्या असत्या," बाई म्हणाल्या. "आज जागा एकच आहे मिस्त्री. आज सख्खी बहीण थांबायची नाही."

रेडिओवर पंचांनी सांगितलं की सतरा नंबर पंचेचाळीस सेकंद मागं. मग मागच्या घोळक्यात कुणीतरी पडलं आणि रेडिओ सगळा त्याच्याच मागं लागला. पुढं टेकडीचा चढ होता, त्याच्या पलीकडलं काही दिसत नव्हतं. भिंगरी एकटी वाऱ्याला डोकं देऊन चालली होती. पाठीवरचा कपडा घामानं चिकटलेला, खांदे डोलायला लागलेले. खांदे डोलले की पाय संपत आले, एवढं मिस्त्रींना कळत होतं. तिनं हात वर करून पाणी मागितलं.

आता ही बाटलीची गोष्ट नीट सांगायला हवी. शर्यतीत मुलगी पाण्यासाठी गाडीच्या खिडकीशी येते, आतला माणूस बाटली बाहेर धरतो. क्षणभर बाटली दोघांच्याही हातात असते. गाडी तर चालूच असते, त्यामुळं त्या क्षणात मुलीला फुकटची थोडी ओढ मिळते. नियमात हे बसत नाही. पण एक-दोन सेकंदांकडं पंच काणाडोळा करतात, कारण करत सगळेच असतात आणि तेवढ्यानं कुणाचं आभाळ कोसळत नाही.

मिस्त्रींनी बाटली बाहेर धरली. भिंगरीनं ती पकडली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, तोंड उघडं होतं, आणि कानशिलावरून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. मिस्त्रींनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

"सोडा," बाई म्हणाल्या.

तीन. चार. त्यांच्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. एकोणीस घेतले होते, ते परत करायचे होते. त्यात चोरी आहे असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुठल्या मुलीचं काही ते काढून घेत नव्हते. स्वतः केलेलं नुकसान स्वतःच्या हातानं भरत होते, जसं अडतीस वर्षं भरत आले होते. पाच. सहा. हात खांद्यातून निखळेल असा ताण आला तरी त्यांनी मूठ आणखी आवळली.

"मिस्त्री, सोडा म्हणतेय ना."

सात. आठ. भिंगरीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"बाबा, पुरे," ती म्हणाली.

नऊ. दहा. अकरा. मग तिनंच बाटली सोडली. ती पुढं निघून गेली, आणि पाण्यानं भरलेली बाटली मिस्त्रींच्या हातात तशीच राहिली. मागून पंचांची मोटरसायकल आली. मागं बसलेल्या पंचाच्या खांद्यावर कॅमेरा होता. गाडीच्या शेजारून जाताना त्यानं आत एकदा बघून घेतलं, बाईंना गाडी मागं ठेवायची खूण केली आणि मग मोटरसायकल पुढं गेली.

बाईंनी धाडकन गिअर बदलला. मिस्त्रींना वाटलं, बाई रागावल्यात, आणि रागावल्या तर रागावू देत. चढ संपेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग रेडिओवर आलं की सतरा नंबर पुन्हा पुढच्या गटात. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. फिटलं, ते मनाशी म्हणाले. सगळं नाही, पण बरंचसं फिटलं.

शेवटच्या रेषेजवळ गाड्यांना बाजूच्या रस्त्यानं वळवतात. मिस्त्री उतरून पळत कठड्यापाशी गेले. तीनशे मीटरचा सरळ चढ होता आणि त्या चौदा जणी एकदम वळणावर दिसल्या. सगळ्यांत पुढं शिडी. ही एक लांबलचक पायांची बावीस वर्षांची मुलगी, दुसऱ्या संघातली, आणि शिडी हे नाव तिला भिंगरीनंच दिलेलं. शिडीच्या मागच्या चाकाला चिकटून भिंगरी होती. दीडशे मीटर उरले तेव्हा ती बाजूला आली, सीटवरून उठली, आणि मिस्त्रींनी लेकीला असं कधी पाहिलं नव्हतं. चादरी ओढणारे, घड्या घालणारे, बारा वर्षं दुसरे-तिसरे येणारे ते हातपाय त्या दिवशी कुणाचं ऐकत नव्हते. एका चाकाच्या अंतरानं ती पहिली आली.

तिनं हात वर केले नाहीत. डोकं हँडलवर टेकवून ती तशीच घरंगळत पुढं गेली. मिस्त्रींना ते थकव्याचं वाटलं. ते स्वतः कठडा धरून ढसाढसा रडत होते आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते की ती माझी आहे.

त्यांनी घरी फोन लावला. भिंगरीच्या आईनं आधी विचारलं की पडली नाही ना. मग विचारलं की पहिली म्हणजे पहिलीच ना, का पहिल्या काहीजणींत. मिस्त्री म्हणाले, पहिली, एकटी पहिली. मग फोन न ठेवताच ती जिन्यात गेली, आणि ही बाई, जिनं बारा वर्षं सायकलीला सवत म्हटलं, ती खालपासून वरपर्यंत दारं ठोठावत सगळ्यांना सांगत सुटली. मिस्त्री फोन कानाला लावून तो आवाज ऐकत राहिले.

वीस मिनिटांनी भोंग्यावरून सतरा नंबरला आणि तिच्या संघाच्या माणसांना पंचांकडं बोलावलं.

पंचांचं ऑफिस एका शाळेच्या वर्गात मांडलेलं होतं. लहान मुलांचे बाक, त्यावर कोरलेली नावं, फळ्यावर अर्धवट पुसलेली बेरीज. थोरल्या पंच म्हणजे साठीच्या एक बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी लॅपटॉप वळवून दाखवला. गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला स्वतःचा हात मिस्त्रींनी ओळखला. बाहीला ग्रीसचा डाग होता. कोपऱ्यात सेकंद पळत होते आणि हात तिथंच होता. अकरा सेकंद बघायला एवढे लांब असतात हे त्यांना तेव्हा कळलं.

"धरलं कोणी?" थोरल्या पंचांनी विचारलं.

"मी," भिंगरी म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मिस्त्री म्हणाले. "धरली मी. तिनं सोडली म्हणून सुटली. बघा ना तुम्हीच, बाटली शेवटी माझ्या हातात राहिलीय. तिला पाणीसुद्धा मिळालं नाही."

थोरल्या पंचांनी सांगितलं की हात कुणाचा होता याला अर्थ नाही, ओढ मिळाली ती सतरा नंबरला मिळाली. दोन सेकंदांकडं डोळेझाक होते, अकराकडं होत नाही. नंबर बाद.

मग मिस्त्रींनी त्यांना सगळं सांगितलं. पुढचं चाक, मागचं चाक, चौदा आणि तेहतीस, एकोणीसातले अकराच कसे परत दिले. आपल्यावर जन्माची बंदी घाला म्हणाले, नाव काळ्या यादीत लिहा, दंड करा, फक्त पोरीला हात लावू नका. बोलताना त्यांचा आवाज चिरकायला लागला. बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. थोरल्या पंचांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"तुमचं म्हणणं मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर गेलेलं रस्त्यावरच कमवावं लागतं. गाडीतून देता येत नाही. मी हे सही न करता सोडलं, तर दुसरी जी आहे तिला काय सांगू?"

भिंगरीनं पेन मागून घेतलं आणि जिथं दाखवलं तिथं सही केली. मग विचारलं, "म्हणजे शिडी पहिली ना?"

"हो."

"चांगली आहे ती," भिंगरी म्हणाली, आणि बाहेर गेली.

घरी दुसरा फोन करायला मिस्त्रींना अर्धा तास लागला. त्यांना वाटलं होतं बायको तोंडाचा पट्टा सोडेल, आणि सोडावा असंच त्यांना वाटत होतं. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, तिला काहीतरी खायला घाला आणि घरी या. बस, एवढंच. त्यांना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेच्या मागं नळ होता. मिस्त्री तिथं सायकली धुवायला बसले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. भिंगरीची सायकल त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. मागचं चाक फिरताना बारीकसं डुलत होतं, तो आऊट बोटानं तपासत असताना समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. शिडी होती. गळ्यात पदक, हातात फुलांचा गुच्छ, आणि तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा तिनं धरला होता.

"काका, ताई कुठंय?"

कपडे बदलतेय, मिस्त्री म्हणाले.

"मी तिला विचारलं, ही जागा मी घेऊ का. ती म्हणाली, घे. पण मला नाही घेववत काका. तुम्ही सांगा. आम्हाला कुणालाच हे असं नको होतं. नाहीतर थांबलो कशाला असतो?"

मिस्त्रींचा हात चाकावर थांबला. "कोण थांबलं?"

"आम्ही. तिचं चाक गेलं तेव्हा. मीच सगळ्यांना म्हटलं, ताईला येऊ दे, मग बघू कोण पहिली येते ती. मागच्या वर्षी मी उतारावर पडले होते ना, तेव्हा ती एकटी थांबली होती. माझी चेन तिनं बसवून दिली. स्वतःची शर्यत घालवून बसली. हे सगळ्यांनी बघितलंय, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. टेकडीच्या पलीकडं आम्ही बिस्किटं खात चाललो होतो काका, चालत चालल्यासारख्या. मागचा घोळका येऊन भिडला असता तरी थांबलो असतो." शिडीनं नाक पुसलं. "ती टेकडीवरून आली, आम्हाला बघितलं, आधी हसली आणि मग एकदम रडायलाच लागली. आम्हाला वाटलं, थांबलो म्हणून रडतेय."

नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद करायचं मिस्त्रींना सुचलं नाही. शिडी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"ताईनं तुम्हाला सांगितलं नव्हतं?" ती अगदी हळू म्हणाली.

"सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाले. "या धांदलीत माझ्या ध्यानातून गेलं. तू जागा घे, पोरी. तिनं घे म्हटलंय ना, मग घे. आणि घेतलीस की मग मागं बघू नकोस."

शिडी गेली. मिस्त्री ओल्या फरशीवरच बसून राहिले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे जगात पुष्कळ असतात. यांनी तो लेकीच्या पायावर पाडला होता, तोही दोन्ही हातांनी नीट उचलून, मोजून. त्यांनी काही केलं नसतं, नुसती बाटली देऊन हात आत घेतला असता, तरी ती पोचली असती आणि पहिली आली असती, आणि ते पहिलेपण तिचं राहिलं असतं. चाकाचे एकोणीस सेकंद तर त्या पोरींनी केव्हाच माफ केले होते. आणि भिंगरीला हे त्या टेकडीवर कळलं होतं. आता आपला नंबर बाद होणार हे कळूनही ती शेवटचे पंचवीस किलोमीटर जीव तोडून चालवत राहिली, कारण बाप कठड्यापाशी उभा असणार होता. त्यांना एवढं वाईट वाटलं की रडूही आलं नाही.

बाकीच्या चौघी सायकली घेऊन टेम्पोनं पुढं गेल्या होत्या; परतीच्या वाटेवर बाई गाडी चालवत होत्या, बापलेक मागं बसले होते. मधे चाकं होती. ऊन उतरलं होतं आणि रस्त्यावर अजून काही ठिकाणी शर्यतीच्या खुणा होत्या, कठडे उचलून टेम्पोत भरणारी माणसं, खांबाला लोंबणारी फीत. भिंगरीच्या ओठाला भेगा पडल्या होत्या. मिस्त्रींनी तिला केळं सोलून दिलं, ते तिनं खाल्लं. उद्या सोमवार, आठला कामावर जायचंय ना, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. शनिवार-रविवारच्या चादरी सोमवारी दुप्पट असतात, असंही म्हणाली.

पेट्रोल पंपावर बाई उतरल्या आणि गाडीत दोघंच उरले. मिस्त्रींनी तोंड उघडलं. मला सगळं कळलंय, हे त्यांना सांगून टाकायचं होतं, लेकीचे पाय धरायचे होते. पण भिंगरीच आधी बोलली.

"बाबा, एक सांगू? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती समोरच्या सीटकडं बघत होती. "पाय संपले होते माझे. तुम्ही तेवढं धरलं नसतं ना, तर मी त्यांना गाठूच शकले नसते. चौदावी आले असते, नाहीतर सोडून दिली असती. तुमच्यामुळं निदान एकदा रेषा पहिली ओलांडून बघितली. बारा वर्षांत एकदा तरी. ते काही कुणी काढून घेऊ शकत नाही."

हे तिनं कपडे बदलताना ठरवलं असणार. शब्द न् शब्द जुळवून आणला होता, आणि बोलताना एकदाही अडखळली नाही. मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं. तिच्याजवळचं सगळं त्या दिवशी गेलं होतं, जागा गेली होती, वय गेलं होतं, पहिला नंबर गेला होता, आणि एवढं सगळं गेल्यावर जी एक गोष्ट तिला स्वतःच्या हातानं बापाला देता येत होती, ती ती देत होती. मी शिडीशी बोललो असं म्हटलं, तर तीही गेली असती.

दिलेलं घ्यायची सवय मिस्त्रींना नव्हती. जन्मभर त्यांनी भरूनच दिलं होतं. त्यांनी नेहमी तिला चिडवायचे तसा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"हो ना," ते म्हणाले. "मी धरलं नसतं तर कुठली पोचतेस तू."

"तेच तर," भिंगरी म्हणाली.

बाई आल्या, गाडी सुरू झाली. भिंगरीनं खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले, आणि घर येईपर्यंत दोघांतलं कुणीच झोपलं नाही.